हत्यार, हुन्नर आणि मराठी गद्य

मराठी साहित्यात श्रमिक आहे, पण श्रम फारसा नाही, असे एक विधान सुरुवातीलाच करतो. विधान धाडसाचे आहे. अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे, बाबूराव बागूल यांचा वारसा सांगणाऱ्या भाषेबद्दल असे म्हणणे अनेकांना कृतघ्नपणाचे वाटेल. परंतु आपल्या कथा-कादंबऱ्यांतला कामगार आठवून पाहावा. तो कामावर जातो, कामावरून येतो, त्याचा पगार अडतो, तो संपात उतरतो, कर्ज काढतो, दारू पितो, क्वचित क्रांतीची स्वप्नेही पाहतो. जाणे आणि येणे यांच्या मधल्या आठ-दहा तासांत तो आपल्या हातांनी नेमके काय करतो, कोणते हत्यार कसे धरतो, कोणता निर्णय कशाच्या आधारावर घेतो, हे वाचकाला बहुधा कळत नाही. त्याचे दुःख आपल्याला तपशीलवार माहीत असते. त्याचे ज्ञान माहीत नसते. आणि ज्याचे फक्त दुःख माहीत असते त्याच्याबद्दल माणसाला कणव वाटते, आदर वाटेलच असे नाही.

हा मुद्दा हवेत राहू नये म्हणून एकच काम उदाहरणादाखल घेतो. अवजड मालट्रकचा गिअरबॉक्स एकट्याने, स्वतः घडवलेल्या हत्यारांच्या साहाय्याने बसवणे, हे ते काम. साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवायला हा विषय विचित्र आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी ते वाटणे लेखाच्या शेवटापर्यंत बाजूला ठेवावे, एवढीच विनंती.

नरसिंहपूर हे इंदापूर तालुक्याचे टोक. येथे नीरा भीमेला मिळते. संगमावर लक्ष्मी-नृसिंहाचे देऊळ आहे आणि नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. अनेक वाचकांना हे गाव कुलदैवताचे म्हणून ठाऊक असेल. उसाच्या हंगामात मात्र या परिसराचे रूप निराळे असते. दोन्ही नद्यांच्या काठांनी साखर कारखाने उभे आहेत. शहाजीनगरच्या कारखान्याचे तर नावच नीरा-भीमा. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले की ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांच्या रांगा उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हटत नाहीत. लांबच्या वाहतुकीतून निवृत्त झालेले कितीतरी जुने ट्रक उसाच्या वाहतुकीत आयुष्याची शेवटची वर्षे काढतात. शेतातल्या भुसभुशीत मातीतून, भरल्या ओझ्यानिशी, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी बाहेर काढावी लागते आणि त्याचा सर्वांत मोठा ताण क्लच व गिअरबॉक्स यांवर येतो. गाडी बंद पडली की तोडलेला ऊस सुकतो, त्याचे वजन घटते, साखरेचा उतारा घटतो. तोडणीच्या टोळीने उचल घेतलेली असते, गाडीमालकाने कर्ज काढलेले असते. कंपनीचे वर्कशॉप दूर असते आणि तिथला दर परवडणारा नसतो. म्हणून रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या सावलीत किंवा पत्र्याच्या शेडखाली, कोणीतरी एकटा माणूस त्या गाडीखाली शिरतो.

या बाजूला मी पाहिलेला असाच एक फिटर. वय पन्नाशीच्या आतबाहेर. मदतीला पूर्वी एक पोरगा असे, तो पुण्याकडे कंपनीत लागला. त्यानंतर दुसरा मिळाला नाही. ट्रकच्या गिअरबॉक्सचे वजन दोघा-तिघा माणसांनाही आवरणारे नसते. ते ओझे गाडीखाली आडवे पडून, मान वर करता येईल न येईल एवढ्या जागेत, हाताच्या बोटाएवढ्या अचूकपणाने जागेवर न्यायचे असते. अचूकपणा का लागतो हे थोडे समजून घ्यायला हवे. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याला क्लचप्लेट आणि तिच्यावर प्रेशर प्लेट लावलेली असते. गिअरबॉक्सच्या तोंडातून एक शाफ्ट पुढे आलेला असतो. त्याच्या अंगावर उभ्या खाचा असतात. हा शाफ्ट क्लचप्लेटच्या मधल्या भोकातल्या तशाच खाचांमध्ये बसून पुढे गेला पाहिजे आणि त्याचे टोक फ्लायव्हीलच्या मध्यावरच्या लहानशा बेअरिंगमध्ये शिरले पाहिजे. क्लचप्लेट केसभर जरी मध्य सोडून बसली असेल तरी शाफ्ट आत जात नाही. आणि गिअरबॉक्सचे सगळे वजन क्षणभर जरी त्या शाफ्टवर लोंबकळले, तरी क्लचप्लेट वाकून निकामी होते. म्हणजे प्रश्न नुसत्या ताकदीचा उरत नाही. एवढे मोठे ओझे असे उचलायचे की ज्या नाजूक भागातून ते पुढे जाते त्याला त्याचा भार कळता कामा नये.

या फिटरने यावर केलेली तजवीज अशी. क्लचप्लेट मध्यावर बसवण्यासाठी त्याच्याजवळ भंगारातल्या एका गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट आहे. मागची बाजू कापून त्याने तो हातात धरण्याजोगा केला आहे. प्लेट लावताना हा शाफ्ट आधी आत घालायचा, प्लेट आपोआप मध्यावर येते. मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे आणि शाफ्ट काढून घ्यायचा. दुसरी तजवीज वाटाड्या बोल्टांची. दोन लांब बोल्ट घेऊन त्यांची डोकी करवतीने उडवली आहेत आणि त्या कापलेल्या टोकांवर स्क्रूड्रायव्हर बसेल अशी खाच पाडली आहे. गिअरबॉक्स उचलण्यापूर्वी हे दोन बोल्ट इंजिनाकडच्या हौसिंगच्या वरच्या दोन भोकांत फिरवून बसवायचे. गिअरबॉक्स वर आला की त्याची कानातली भोके या बोल्टांवर चढतात आणि मग ओझे त्यांच्या आधाराने सरळ रेषेत पुढे सरकते. काम झाले की खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून ते बोल्ट उलटे फिरवून काढायचे आणि त्यांच्या जागी खरे बोल्ट लावायचे. तिसरी तजवीज उचलण्याची. चाकांवर सरकणाऱ्या जॅकच्या माथ्यावर त्याने लोखंडी अँगलचा एक पाळणा वेल्डिंग करून बसवला आहे, गिअरबॉक्सच्या पोटाच्या आकाराचा. ओझे कलंडू नये म्हणून त्यावरून साखळी आवळता येते आणि तोंड वर-खाली करण्यासाठी लाकडी पाचर आहे. जिथे जमीन जॅक सरकण्याजोगी नसते तिथे तो केबिनच्या तळाचा पत्रा काढतो, दोन्ही दारांतून आडवा जाड पाइप घालतो आणि त्याला चेनपुली लटकवून गिअरबॉक्स वरून उचलतो. याखेरीज ट्रकच्या तुटलेल्या पाट्यापासून घडवलेली पहार आहे, जाड पट्टी आणि आट्यांचा दांडा यांपासून केलेला पुलर आहे, मोडक्या अॅक्सलच्या तुकड्याचा ठोकणीचा दांडा आहे.

कामाचा क्रमही असाच विचारपूर्वक ठरलेला. आधी चाकांना पुढून-मागून मोठे दगड. कारण मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये टाकून धरून ठेवण्याची सोय उरत नाही. मग ऑइल काढून घेणे. जुना गिअरबॉक्स उतरवतानाच कोणता बोल्ट कुठला, हे एका पुठ्ठ्यावर भोके पाडून त्यात तसेच रोवून ठेवणे. नवा चढवताना गिअर टाकलेला ठेवायचा आणि मागची फ्लँज एका हाताने हळूहळू फिरवत राहायचे, म्हणजे शाफ्टच्या खाचा क्लचप्लेटच्या खाचांशी जुळण्याचा क्षण हाताला कळतो. शेवटचे बोटभर अंतर उरते तेव्हा खरी परीक्षा असते. घाई करणारा माणूस इथे बोल्ट लावतो आणि ते आवळून गिअरबॉक्स ओढून घेतो. त्यात हौसिंगचा कान तडकतो किंवा क्लचप्लेट मरते. हा फिटर तसे करत नाही. फट चोहोबाजूंनी सारखी आहे का ते तो बोट फिरवून पाहतो. नसेल तर पुन्हा मागे घेतो आणि चूक कुठे आहे ते शोधतो. मी विचारले तेव्हा गाडीखालून आलेले उत्तर असे होते : "बोल्टानं वढून घ्यायचं नाय, सर. समदं जुळलं आसलं की त्ये आपसूक बसतंय."

आता या कामाला आपण काय म्हणतो? गेल्या पंधरा-वीस वर्षांत याला एक शब्द चिकटला आहे, 'जुगाड'. हिंदीतून आलेला हा शब्द मराठी वर्तमानपत्रांनी आणि व्यवस्थापनशास्त्राच्या वक्त्यांनी अगदी डोक्यावर घेतला. माझा आक्षेप शब्द हिंदी असण्याला नाही. आक्षेप त्याच्या आशयाला आहे. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे, जोडतोड करणे, नियमाला बगल देणे. त्यात एक खट्याळ कौतुक आहे, पण त्या कौतुकाच्या पोटात 'हे खरे काम नव्हे' असा निकालही आहे. वर वर्णन केलेल्या कामात वेळ मारून नेणे कुठे आहे? डोकी उडवलेले वाटाडे बोल्ट ही पळवाट नाही. वजन आणि दिशा यांना वेगळे करण्याची ती अत्यंत नेमकी कल्पना आहे. मोठ्या वर्कशॉपमध्येही याच तत्त्वावरची साधने वापरतात, फक्त ती विकत आणलेली असतात.

मराठीला या गोष्टीसाठी शब्द नव्हते असेही नाही. हुन्नर, कसब, हिकमत हे शब्द फार्सी-अरबीतून आले आणि इथे रुजले. हिकमत या शब्दाचा मुळातला अर्थ शहाणपण. कसब म्हणजे कमाई, उद्योग आणि त्यासाठीचे कौशल्य. हे शब्द कसे घसरत गेले हा अभ्यासाचा विषय आहे. महात्मा फुल्यांच्या १८६९च्या पुस्तकाचे नाव 'ब्राह्मणांचे कसब'. तिथे हाच शब्द लबाडीच्या अंगाने, बोचरा उपरोध म्हणून येतो. ज्या समाजात लेखणीवाल्याच्या चतुराईला विद्या म्हणतात, त्या समाजात फुल्यांनी तिला 'कसब' म्हणावे यात मोठा अर्थ आहे. 'हत्यार' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. सुताराची पटाशी हत्यार आणि शिपायाची तलवारही हत्यार. मराठी माणसाने शस्त्र आणि साधन यांसाठी एकच शब्द वापरला. आमच्या वाङ्मयेतिहासात मात्र एकाच अर्थाच्या हत्यारांचे पोवाडे गायले गेले.

हस्तकौशल्याकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी आहे, हे अलीकडच्या एका सर्वज्ञात प्रसंगावरून स्पष्ट होते. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे हे गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जमवून, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी एक छोटी चारचाकी घडवली. डिसेंबर २०२१मध्ये तिची चित्रफीत देशभर पसरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची दखल घेतली, ही गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये ती त्या कुटुंबाला मिळाली. प्रसंग आनंदाचा आहे आणि देणाऱ्याची वृत्ती उदार आहे, यात शंका नाही. मला खटकले ते आपले वाचन. बातम्यांत किंमत होती, किक होती, 'जुगाड जीप' होती. पण इंजिनाची गती चाकांपर्यंत कशी नेली, स्टेअरिंगचा मेळ कसा घातला, कोणता भाग कोणत्या गाडीचा आणि तोच का निवडला, हे विचारावे असे फार थोड्यांना वाटले. त्या गाडीत केलेला विचार म्हणजे एक प्रबंधच होता. आपण त्या प्रबंधाचे मुखपृष्ठ पाहून टाळ्या वाजवल्या आणि आत न डोकावता तो मिटवून ठेवला.

लोहार हे आडनाव इथे केवळ योगायोगाचे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांची व्यवस्था सविस्तर आली आहे. लोहार आणि सुतार हे त्या गाड्याचे मुख्य आधार, पण गावातली त्यांची जागा कुणब्याच्या खळ्यावर हात पसरण्याची. पुढे लोखंडी नांगर आला, इंजिने आली, ट्रॅक्टर आला. लोहाराचा भाता बंद पडला आणि त्याच जागी कित्येक गावांत वेल्डिंगचे दुकान उभे राहिले. जुन्या पाट्याच्या पोलादापासून कोयता घडवणारा हात आणि त्याच पाट्यापासून गॅरेजची पहार घडवणारा हात, यांत परंपरा अखंड आहे. अर्थात आज गॅरेजमध्ये सर्व जातिधर्मांची मुले आहेत आणि ही मोठीच गोष्ट आहे. परंतु हाताच्या ज्ञानाला पायरीखाली ठेवण्याची जुनी सवय जातिव्यवस्थेतूनच आली, हे विसरून या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता साहित्याकडे येऊ. आमच्या संतपरंपरेत गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी आहेत. त्यांनी आपापल्या धंद्याची परिभाषा अभंगात आणली, हे आपण वर्गात उत्साहाने शिकवतो. पण तिथे काम रूपक होऊन येते. सोनाराची मूस, माळ्याचा मळा यांचा रोख अध्यात्माकडे असतो. त्या कवितेचा तो हेतूच होता, त्यामुळे तिला दोष देण्याचे कारण नाही. आधुनिक गद्याला मात्र ही सबब पुरत नाही. आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) ही थोर कादंबरी. शेतावरच्या गड्याच्या तोंडून, त्याच्या बोलीत, गुराढोरांचे जग इतक्या बारकाईने मराठीत क्वचितच आले असेल. त्या जगात ट्रॅक्टर शिरतो आणि ते मोडते. ट्रॅक्टर तिथे बाहेरून आलेला, अपारदर्शक आहे. निवेदकाच्या दृष्टीने तो तसाच असणार, हे कलात्मकदृष्ट्या अगदी योग्यच. प्रश्न पुढचा आहे. त्यानंतरच्या अर्धशतकात त्या ट्रॅक्टरखाली शिरलेल्या पोराची कादंबरी कुठे आहे? सुर्व्यांच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२)पासून कामगार मराठी कवितेत ताठ मानेने उभा राहिला. जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७)ने गिरण्या बंद पडल्यावरच्या घराची पडझड दाखवली. या कृतींचे मोल मोठे आहे. पण सांचा चालतो कसा, धागा तुटला की हात काय करतो, हे गिरणगावाविषयीच्या एवढ्या लेखनातून आपल्याला किती कळले? लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा' (१९८०)सारख्या आत्मकथनांत हातातला धंदा जगण्याला चिकटून येतो, म्हणून ती पाने वेगळी वाटतात. दुर्दैवाने समीक्षेने तिथेही वेदनाच अधोरेखित केली.

यात एक विसंगती आहे. मराठीतील एक प्रमुख मासिक एका कारखान्यात जन्मले. १९२० साली निघालेली 'किर्लोस्कर खबर' ही नांगर बनवणाऱ्या कारखान्याची पत्रिका होती. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि मराठी मध्यमवर्गाला त्याने आधुनिक विचार दिला. इंदापूर तालुक्याचेच उदाहरण घ्यायचे तर, कळंब येथील माळावर वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात वालचंदनगर उभे केले. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना करणारे (१९४४) हेच वालचंद. वालचंदनगरच्या कारखान्यातून साखर उद्योगाची यंत्रे, अवजड गिअर आणि पुढे इस्रोच्या अग्निबाणांचे भागसुद्धा बाहेर पडले. अशा तालुक्यात राहून आम्ही मराठी शिकवतो, आणि आमच्या पाठ्यपुस्तकात लोखंड क्वचितच येते.

हे इतरत्र कसे घडले ते पाहावे. इटलीचे प्रीमो लेवी पेशाने रसायनतज्ज्ञ आणि छळछावणीतून वाचलेले लेखक. १९७८च्या त्यांच्या एका कादंबरीचा नायक जगभर फिरून क्रेन आणि मनोरे उभारणारा तुरिनचा एक जोडारी आहे. शीर्षकातच एका पान्याचे नाव आहे. या माणसाच्या कामाच्या गोष्टी, हीच कादंबरी. तिला १९७९ साली इटलीतला स्ट्रेगा हा मानाचा पुरस्कार मिळाला. लेवींचे सांगणे थोडक्यात असे, की आपल्या कामावर प्रेम असणे हे पृथ्वीवरच्या सुखाच्या सर्वांत जवळ जाणारे आहे, आणि हे सत्य फार थोड्यांना ठाऊक आहे. आमच्या वर्गांत संरचनावाद शिकवताना लेवी-स्त्रोस यांनी १९६२ साली मांडलेला अभियंता आणि हाताशी येईल त्यावर भागवणारा कारागीर, हा भेद आम्ही फळ्यावर लिहितो. विद्यार्थी तो पाठ करतात. महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या गॅरेजकडे बोट दाखवून 'हा भेद इथे टिकतो का ते पाहा' असे आम्ही म्हणत नाही. माझ्या मते तो टिकत नाही. नरसिंहपूरच्या बाजूचा फिटर हाताशी आहे त्यातून साधन करतो हे खरे, पण त्याआधी तो कामाची पूर्ण आखणी करतो, भार कुठे पडेल ते ठरवतो, चुकीची शक्यता आधीच बंद करतो. हे अभियंत्याचेच मन आहे, फक्त त्याला भांडवल मिळालेले नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. हा माणूस एकटा का आहे? हत्यारे घरी का घडवतो? हौस म्हणून नव्हे. मदतनीसाला पगार देणे परवडत नाही, योग्य साधने विकत घेणे परवडत नाही. जॅक सरकला, साखळी तुटली, तर गाडीखालून ओढून काढायलाही जवळ कोणी नाही. कारखान्याची कायदेशीर व्याख्या कामगारांच्या किमान संख्येपासून सुरू होते. एकटा माणूस त्या व्याख्येत बसत नाही, म्हणून तपासणी नाही आणि संरक्षणही नाही. अशा स्थितीत त्याच्या कौशल्याचे गोडवे गाणे म्हणजे त्याच्या दारिद्र्याला शोभा आणणे नव्हे काय?

आक्षेपातले सत्य मी पूर्ण मान्य करतो. एकट्याने अवजड गिअरबॉक्स बसवणे हा आदर्श नाही. ते धोक्याचे काम आहे आणि कोणीही करू नये. वेल्डिंग केलेला पाळणा किती भार पेलतो याची चाचणी झालेली नसते, हेही खरे. पण त्यावरून त्याच्या ज्ञानाबद्दल मौन पाळावे असे सिद्ध होत नाही. उलट, ज्या कामाचे वर्णनच नाही त्या कामातला धोकाही अदृश्य राहतो. गाडीखालची जागा किती, भार कुठे लोंबकळतो, हात नेमका कुठे सापडू शकतो, हे सांगणारे गद्य असेल तरच 'इथे दुसरा माणूस हवा, इथे चांगला जॅक हवा' ही मागणी ठोस होते. कळवळा मागणी करू शकत नाही. तपशील करू शकतो. दुःखाचे साहित्य आणि कामाचे साहित्य यांत विरोध आहे, ही समजूतच आपण सोडली पाहिजे.

याला काळाचीही निकड आहे. एप्रिल २०२०पासून देशभर नवी अवजड वाहने बीएस-६ मानकांची येऊ लागली. त्यांच्या इंजिनांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे. दोष शोधायला संगणक जोडावा लागतो. जुने ट्रक हळूहळू भंगारात निघतील. ही वाईट गोष्ट आहे असे माझे म्हणणे नाही. हवा स्वच्छ व्हायलाच हवी. परंतु फट बोटाने मोजणारी, आवाजावरून बेअरिंग ओळखणारी, खाच जुळल्याचा क्षण तळहाताने टिपणारी एक अख्खी पिढी कोणतीही नोंद मागे न ठेवता संपेल. मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशाने त्या काळच्या धंद्यांचे कितीतरी शब्द जपून ठेवले. आज तेवढे तरी कोण करतो आहे? शासनाच्या परिभाषा कोशांनी गिअरला 'दंतचक्र' दिले. शब्द सुबक आहे, ज्ञानग्रंथात तो चालावा. पण गॅरेजने घडवलेली मराठी वेगळीच आहे. तिथे कमानीच्या पोलादी पट्ट्यांना घरातल्याच वस्तूचे नाव देऊन 'पाटा' म्हटले जाते, इंग्रजी टॉमी बार 'टामी' होऊन सामान्यरूपे घेतो, ड्रायव्हरचा 'डायवर' होतो, क्लच 'मरतो' आणि गिअर 'पडतो'. या क्रियापदांत भाषेची केवढी सर्जनशीलता आहे! तिला अशुद्ध म्हणून हसणारे आम्ही भाषेचे शिक्षक, हे आश्चर्य.

आणि हे सर्व आमच्या वर्गाबाहेरचे नाही. इंदापूर-बारामतीकडच्या कोणत्याही महाविद्यालयातल्या मराठीच्या वर्गात ट्रक चालवणाऱ्याची, ऊस तोडणाऱ्याची, वेल्डिंग करणाऱ्याची मुले-मुली बसलेली असतात. 'वडील काय करतात?' या प्रश्नाला 'गॅरेज आहे' हे उत्तर ती खाली मान घालून देतात. पदवी मिळाली की त्या गॅरेजशी नाते तोडायचे, हाच शिक्षणाचा अर्थ आपण त्यांना नकळत शिकवलेला असतो. शिक्षणाने त्यांना गाडीखालून बाहेर काढावे, हे योग्यच आहे. पण बापाने गाडीखाली जे ओळखले ते अज्ञान होते, असे समजून त्यांनी बाहेर यावे, हे योग्य नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते ते अगदी लहान आहे. एम.ए.च्या वर्गात प्रकल्पासाठी पुन्हा एकदा त्याच चार कादंबऱ्यांतली स्त्रीचित्रणे मागण्यापेक्षा, एका वर्षी प्रत्येकाने आपल्या घरातले किंवा शेजारचे एक काम निवडावे आणि ते दोन हजार शब्दांत, वाचणाऱ्याला डोळ्यांपुढे दिसेल असे लिहावे. हत्यारांची नावे त्या घरात चालतात तीच. कणव नको, उपमा शक्यतो नकोत; आधी काय, मग काय, आणि का, एवढेच. लिहून झाल्यावर ते काम करणाऱ्याला वाचून दाखवावे आणि तो 'इथं चुकलं' म्हणेल तिथे दुरुस्त करावे. समीक्षकाहून कठोर असा हा वाचक आहे. गद्याचा कस लागतो तो इथे. भावना लिहिताना शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी निभावते. वाटाडे बोल्ट कुठल्या भोकांत बसवायचे हे लिहिताना निभावत नाही. मराठी गद्य अशा कसाला उतरते का, हे अजून पुरेसे तपासले गेलेले नाही. त्यातून थोर साहित्य निर्माण होईलच असे नाही. पण पुढे कधी एखादा लेखक त्या गाडीखाली शिरला, तर त्याला लागणारी भाषा तरी कोणीतरी आधी घासूनपुसून ठेवलेली असेल.